बाहेरचं कार्ड

सांगली, मंगळवार
नोव्हेंबर १९७९

आईचे दिवस अजून व्हायचेत आणि संध्याकाळी मी कॉम्प्युटरच्या मेमरीवर बोलत बसलो. लोक काय म्हणतील? म्हणोत.

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पवार आला होता. उद्या खरेदीला माणूस मुंबईला जाणार म्हणून. तो टेबलावरचा छोटा कॉम्प्युटर साध्या पुलाच्या गणितालाही अडतो, मेमरी वाढवायलाच हवी.

"सर, मेमरीचं कार्ड मशिनीच्या कंपनीचंच घ्यायचं का भायेरचं, दुसऱ्या कुनाचं? भायेरच्यात मेमरी दुप्पट हाय, पर आपल्या मशिनीत बसंल का न्हाई, कुणास ठावं."

दोन्ही माहितीपत्रकं त्यानं सतरंजीवर मांडली. समोर ठेवलेल्या पाण्याला हात लावला नाही. मी कार्डाच्या कडेचे सोनेरी दात आमच्या मशीनच्या खाचेशी चित्रात जुळवून पाहिले, वीज किती लागेल ते बघितलं आणि म्हणालो, बाहेरचंच आणा, बसेल. आवाज अगदी वर्गातला. कोपऱ्यात आईची पणती जळत होती, तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती गेल्यापासून काही वाटतच नाहीये. रडू नाही, काही नाही. असं कसं? माझंच काही बिघडलंय का?

"तुमी म्हनला, मिटलं," म्हणत पवार उठला. एरवी हा माणूस उंबऱ्यात उभा राहून तीन-तीनदा "येतो सर" म्हणतो. मी वैतागतो. आज त्यानं चपला घातल्या आणि खाली मान घालून, काही न बोलता गेला. सुतकाच्या घरातून निघताना कुणी "येतो" म्हणत नाही.

सवयीनं "या" म्हणायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं.

मग पणतीकडे पाहिलं. आई गेली माझी.