वृषालीचं सांगणं

१३ एप्रिल
समाजमंदिरातल्या बैठकीला गेलो. जायचं नव्हतं! बायकोनं, बनाबाईनं, ढकललं — "घरात बसून नुसता जिवाला घोर. जावा की." सुनेलाही, वृषालीला, बरोबर पाठवलं.

इंदापूरच्या स्वरूपाताई बैठक घेतात. एकानं आपल्यावर गुदरलेलं सांगायचं. बाकीच्यांनी गप ऐकायचं — मधे बोलायचं नाही, समजूत काढायची नाही. मग ऐकणाऱ्यानं तेच परत सांगायचं, "मी" म्हणून. जणू आपल्यावरच आलंय. शेजारचा कुंडलिक म्हणाला, "तात्या आन गप? बारा गावात पेढं वाटू!" सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या रविवारच्या चिठ्ठ्या निघाल्या, माझी जोडी वृषालीशी!

१६ एप्रिल
झोप नाही. सुनेनं सासऱ्यापुढं मन मोकळं करायचं — रीत आहे का ही? पोराला, विशालला, जाऊन वर्ष होईल. उजनी धरणाचं पाणी मागं हटलं म्हणून मोटर पुढं सरकवायला गेला, करंट लागला. तेव्हापासून वृषालीनं तोंड उघडलं की मीच म्हणतो, "राहू दे पोरी." ती काय सांगेल? निघून गेली तर? आम्ही दोन म्हातारी माणसं. विशालचं म्हणून घरात तीच तेवढी उरली आहे.

२० एप्रिल
बोलली. खाली बघून, हळू.

"दारातनं पाणी दिसतंय. भाकरी करतानाबी दिसतंय. रडू आलं तर तात्या बघत्यात, त्यांचंच डोळं भरत्यात. मग मी रडत न्हाय. मला हितं ऱ्हायला जमत न्हाय. मला जायचंय."

माझी पाळी आली. पाण्याचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, सगळं "मी" म्हणून. शेवटाला आलो आणि जीभ वळली — "तरी मला हितंच ऱ्हायचंय."

स्वरूपाताईंनी तिला विचारलं, "बरोबर सांगितलं का यांनी?"

तिनं पदर सारखा केला. "व्हय. बरोबर हाय."

चार माणसांत सासऱ्याला खोटं कोण पाडणार!

२१ एप्रिल
जेवण गेलं नाही. बीपीची गोळी तिनंच आणून हातावर ठेवली.

२३ एप्रिल
काटेवाडीला तिच्या भावाला, हिंदुरावला, फोन केला. बहिणीला न्यायला या म्हणालो.

"चार दिवसांसाठी का, तात्या?"

न्हाय म्हणालो.