ढब्बूची शेवटची परीक्षा

प्रिय ठमे,

आज शाळेत सात नवी पिल्लं आली. शाळा म्हणजे आमची, अंधांना वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची. निवृत्त झालो तरी माझा पाय तिथून निघत नाही, ही तक्रार आई तुझ्याकडे दर फोनला करतेच. त्या पिल्लांतलं एक थेट आपल्या ढब्बूसारखं आहे, कान मोठे आणि सगळी अक्कल पोटात. त्याला मांडीवर घेतलं आणि तुझी फार आठवण आली.

ढब्बू घरी आला तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. वर्षभर वाढवून शाळेला परत द्यायचा, सोफ्यावर चढू द्यायचं नाही, आपल्या ताटातलं काही द्यायचं नाही, हे नियम मी तुझ्याकडून पाठ करून घेतले होते. तू ते माझ्याहून कडक पाळलेस. एकदाच, तुझ्या वाढदिवसाला, त्याला केकचा तुकडा दिलास आणि लगेच रडत येऊन मला सांगितलंस. मी हसण्यावारी नेलं.

शेवटच्या परीक्षेला मी डोळ्यांवर पट्टी बांधून त्याच्यामागे चालत होतो. अशा वेळी फूटपाथवर मुद्दाम खाऊ टाकलेला असतो, कुत्र्याने त्याकडे ढुंकूनही बघायचं नसतं. ढब्बूने मटणाचे तुकडेसुद्धा सोडले. पण चहाच्या दुकानाबाहेर टेबलं मांडली होती, तिथे त्याने मला ओढलं आणि टेबलाखाली शिरला. माझ्या कपाळाला टेंगूळ आलं, सगळे हसले. मला हसू आलं नाही. खरोखरचा आंधळा माणूस असता तर त्याचं काय झालं असतं, हे मला ठाऊक होतं.

शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं, याला घरी कोण भरवायचं? तू कुंपणाशी उभी होतीस. मी म्हणालो, लेकीने लाडावून ठेवलंय, केक भरवते. तू मान खाली घातलीस. ढब्बू नापास झाला. ज्या गाण्याच्या मास्तरांना तो मिळायचा होता, ते पुढची दोन वर्षं काठीवरच चालले. आणि प्रशिक्षक व्हायचं म्हणून माझं डोकं खाणारी तू, पुन्हा त्या कामाचं नावही काढलं नाहीस.

काल आई म्हणाली, नात कुत्र्यासाठी हट्ट धरून बसलीय आणि तू तिला सांगितलंस, माझ्या हातून कुत्री बिघडतात. ठमे, केकच्या एका तुकड्याने कुत्रं टेबलाखाली शिरायला शिकत नाही. तू शाळेला गेलीस की रोज चहाबरोबर अर्धं बिस्किट मी टेबलाखाली धरायचो. डोळ्यांवर पट्टी होती तेव्हाच मला सगळं दिसलं होतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, आणि नंतर लाजेने. वीस वर्षं तू माझी चूक वागवलीस. आज मोठ्या बाईंच्या घरी जाऊन खरं काय ते सांगून आलो. मोठ्या कानाच्या पिल्लाला वर्षभरासाठी घर हवंय. तुझं नाव मी दिलेलं नाही. ते तूच द्यावंस, आणि मला पाहिजे तेवढं बोलावंस.

तुझाच, टेबलाखाली हात घालणारा,
बाबा