पोट सुटलेली भिंत

४ फेब्रुवारी

भिंतीचं पोट आणखी सुटलं! शेजारच्या ओसाड घराची भिंत, माझ्या न्हाणीवर ओणवी. दोन तांब्यांत अंघोळ उरकते हल्ली, डोळे मिटायची सोय नाही. लेक म्हणते, "आई, आमच्याकडे राहायला ये." छे! विहीणबाईंच्या घरात शिंकायचं झालं तरी विचारून.

६ फेब्रुवारी

समोरचा रस्ता ओलांडला की दुसरं शहर. लेक तिकडे दिलेली. विहीणबाई चहाबरोबर त्यांची नगरपालिकाच पाजतात — "आमच्याकडे गवत गुडघ्याला लागलं की नोटीस! पंधरा दिवसांत ऐकलं नाही तर तेच येऊन साफ करतात, पडकं असेल तर पाडतात." म्हटलं, आमच्याकडे गवत गळ्याला लागलं तरी ढुंकून बघत नाहीत. "तुम्ही अर्जाच्या फंदात पडूच नका हो," म्हणाल्या. "तुमच्याकडे काही व्हायचं नाही."

आता तर करायचाच!

९ फेब्रुवारी

केला. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ — पण इंजिनियर आला. भिंतीजवळ यायला तयार नाही! लांबूनच, "आजी, रस्त्यावर झुकली असती तर लगेच पाडली असती. न्हाणी खाजगीत येते." म्हणजे मी नागवी मेले तर माझं मी बघायचं!

१० फेब्रुवारी

मालकाला नोटीस दिली म्हणे. कुठे? त्याच पडक्या घराच्या दाराला चिकटवली! उंदीर वाचतील. हसून हसून ठसका लागला.

१७ फेब्रुवारी

कचेरीत ठाण मांडलं. डबा नेला, विणकाम नेलं. पलीकडच्या शहराचे नियम धडाधड म्हणून दाखवले — विहीणबाईंची कृपा, तोंडपाठ झालेत. कारकून घायकुतीला आला. "आजी, मालक हाताला लागला तर लगेच पाडायला लावू. पण नाव-पत्ता जुन्या दप्तरातून काढावा लागेल."

काढ म्हटलं. मी तोवर दुसरी बाही घेते.

स्वेटर जावयाचा. पोट त्याचंही सुटलंय, पण तो कुणावर पडत नाही.

१८ फेब्रुवारी

काही नाही. भिंतीची एक वीट पडली. बादलीतच! नेम चांगला आहे.

२० फेब्रुवारी

कागद मिळाला. बारीक अक्षर, म्हणून लेकीच्या मुलीला वाचायला दिला. पोरगी वाचता वाचता थांबली. "आजी, हा तर आमचाच पत्ता!"

मालकीण — विहीणबाई! त्यांच्या मावशीचं घर, तीस वर्षांपूर्वी त्यांच्या नावावर झालेलं.

त्यांना निरोप धाडलाय. उद्या सकाळी या. चहा नंतर. आधी माझ्या न्हाणीत अंघोळ.