चार अंकांची हेमकला

८ नोव्हेंबर १९८१, रविवार
सकाळी दुकानात पितळेच्या पाणी भरायच्या गुंडांना चिंच लावून घासत बसलो होतो. नामदेव आला तो सायकल उभी न करताच. सायकल रस्त्यात आडवी, हा माझ्यापुढे धापा टाकत उभा. मला वाटलं कोणी गेलं.
"हेमकला येऊन राहिली," म्हणाला.
"कोणती? माझी पोरगी तर घरी तांदूळ निवडून राहिली."
"नाटक बे! संगीत हेमकला. मुंबईच्या कंपनीनं नव्यानं बसवलं. सहा डिसेंबरले, आपल्या भंडाऱ्यात!"
हातातला गुंड खाली पडला. पोचा आला. येऊ दे.
बत्तीस वर्षं. दिघोरीच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या रातभर चालणाऱ्या खेळात, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मिसरूड फुटत होतं. पुढे नऊ वर्षं एक खेळ चुकवला नाही. मग नाटकमंडळी मोडली, नाटक गेलं. पोरीचं नाव मात्र ठेवून घेतलं.

११ नोव्हें., बुध.
दुकानात लक्ष नाही. गिऱ्हाईक लोटा मागतं, मी ताट काढतो.
सौ.ला चहाबरोबर सगळं कथानक पुन्हा सांगितलं. नवरा व्यापाराला दूरदेशी जातो. सात वर्षं पत्ता नाही. लोक म्हणतात, बाई, आशा सोड. ही रोज उंबरठा सारवते आणि गाते, 'येइल नाथ सदनीं सखये, उंबरठा मी सारविते.' चौथ्या अंकाच्या शेवटी नाथ दारात उभा! पडदा. तेवढ्यात बाहेर उजाडलेलं असायचं, बाया डोळे पुसत तशाच धान कापायला निघायच्या. असा शेवट आता कोणाला सुचत नाही.
सौ. म्हणाली, "मले पाठ झाला तुमचा नाथ."
हेमा उठून आत गेली. तिच्या मनात काय आलं ते न कळायला मी दगड नाही. जावयांनी तिला इथं आणून सोडलं त्याला तीन वर्षं झाली. शेजाऱ्याशी हसून बोलली, एवढंच निमित्त. रागाचा माणूस आहे, निवळेल. मी तिला नेहमी सांगतो, हेमकलेनं सात काढली, तुझी तर तीनच झाली.

१९ नोव्हें., गुरु.
धक्काच. पोस्टमन दुकानात पत्र देऊन गेला, हेमाच्या नावाचं. जवाहरनगरच्या एका शाळेतून. बालवाडीच्या बाईची जागा, १४ डिसेंबरला सकाळी अकराला मुलाखत. म्हणजे हिनं अर्ज केला! मला न विचारता, आईला न सांगता.
पत्र माझ्या पदांच्या वहीत ठेवलं, वही गल्ल्याखालच्या खणात. चोरी नाही ही. उद्या जावई ऐकतील, बायको नोकरीला लागली, म्हणजे हिला आपली गरज नाही. संपलंच मग. तिसऱ्या अंकात हेमकलेला राणीकडे दाईचं काम मिळत होतं. तिनं नाही म्हटलं. म्हणून तर चौथा अंक झाला.
१४ उलटली की देईन. किंवा...

२४ नोव्हें., मंगळ.
आज हसावं की कपाळ बडवावं. जाहिरातीची पत्रकं छापून आली. त्यावर काय? 'पाच अंकी संगीत नाटक'! नामदेव आणि मी तडक छापखान्यात. मालक म्हणतो, "कंपनीनं लिहून पाठवलं तसं छापलं, काका." म्हटलं, कंपनीला काय ठाऊक, मुंबईला मंडई भरते का? नऊ वर्षं चार अंक पाहिले, पाचवा काय तुझ्या घरून आणला?
तो ऐकेना. गठ्ठा उचलून घरी आणला आणि मी, ना. आणि हेमा शाई घेऊन बसलो. एकेक पाच खोडून वर चार केले. हेमा पहिल्या पत्रकावर टाक धरून थांबली.
"राहू द्या न बाबा. पाच असले तं?"
"मले शिकवतं का?"
मग खोडत गेली. अक्षर तिचंच सगळ्यांत चांगलं.
खेळ दुपारी दोनला म्हणे, त्याच दिवशी संध्याकाळी गोंदियाला दुसरा. तीन तासांत आटपणार. ना. हबकला. "आपल्याकडे अख्खी रात पुरत नव्हती. हे काय गाडी पकडून राहिले का?"

२७ नोव्हें., शुक्र.
दुपारी जेवायला घरी गेलो तर हेमा दारात. रस्त्याकडे डोळे. रोजच असते म्हणे या वेळेला, सौ. सांगत होती. मी लांबूनच पाहत राहिलो. चौकटीला हात, पदर खांद्यावरून, डोळे वाटेला. नाव ठेवताना देवानंच सुचवलं असणार.
पद गुणगुणत आत गेलो. तिनं पाणी आणून दिलं.

२ डिसें., बुध.
लिहिताना हसू फुटतं आहे. जावयाचं पत्र! १४ तारखेला सोमवारी सकाळी दहाच्या नागपूर एस.टी.नं येतो, हिला तयार ठेवा. तीन वर्षांनी! सौ.नं देवापुढे साखर ठेवली. नाटक सहाला, जावई चौदाला. असा योग सांगून येत नाही.
शेवटी एक ओळ आहे. 'तीन वर्षांत तिचं कोणाकोणाकडे येणं-जाणं होतं, ते आल्यावर समोरासमोर विचारीन.' विचारेना का बापडा. नवऱ्यानं नाही विचारायचं तर कोणी?
हेमानं पत्र दोनदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं. लाजते.
शाळेची १४ आणि जावयाची १४ एकच. आपोआप मिटलं. बरं झालं मी ते पत्र दिलं नाही.

६ डिसें., रवि. संध्याकाळ

पाच अंक होते.
नीट लिहितो. पहिले चार तसेच, फक्त वेगानं. बाई छान गायली. चौथ्याच्या शेवटी नाथ दारात. सगळं भंडारा टाळ्या वाजवत उठलं. दिघोरी-लाखांदूरकडून आलेली मंडळी तर चपला घालून दाराकडे निघाली, आमच्या अंगवळणी तेच. ना.चे डोळे भरलेले, त्यानं माझा हात दाबला.
आणि पडदा पुन्हा वर गेला.
जो तो जिथल्या तिथे. कोणी म्हणालं, आभार मानत असतील.
आभार नव्हते. तेच अंगण. नाथ उंबऱ्याच्या आत, हेमकला बाहेर. त्याचं पहिलं वाक्य, "सात वर्षं या दारातून कोण कोण आलं, ते आधी सांग."
ती सांगते. तो ऐकत नाही. तुमच्यासाठी उंबरठा सारवत होते म्हणते, तर हा विचारतो, "खरं सांग, कोणासाठी सारवलास?" मग दार लावून घेतो. तिच्या तोंडावर. आता उघडेल, मग उघडेल.
ती गाते. माझंच पद! तीच चाल! 'आला नाथ सदनीं सखये, उंबरठा मज बंद कसा.' आणि नदीकडे चालू लागते. परत येत नाही.
संपलं.
टाळी नाही. मागून एक म्हातारी ओरडली, "अवो, त्या बाईले कोनी थांबवा न!"
ना. बाहेर पायरीवर बसून राहिला. "आपण शाई लावून पाचाचे चार केले बे," एवढंच म्हणाला. उठेना.
हेमा माझ्यामागून आली. माझा मफलर खुर्चीवर राहिला होता, तो घेऊन. तिचे डोळे कोरडे. मला राहवलं नाही.
"तुले माहीत होतं?"
"हो बाबा. कॉलेजच्या लायब्ररीत पुस्तक होतं."
"मंग सांगितलं काहून नाही?"
"तुम्ही गात होते न."


८ डिसें., मंगळ.
दुकान बंद ठेवून एस.टी.नं दिघोरीला गेलो. मंडळीचे मालक सोनबाजी अजून आहेत, ऐंशीच्या घरात, दिसत नाही फारसं. ओसरीवर बसले होते. म्हटलं, पाचवा अंक होता?
"होता न. पयल्या साली खेळलो आमी. सकारी बायाइनं चुली पेटवल्या नाही. धान वावरात उभा, अन् गाव तोंड पाडून बसला. दुसऱ्या सालापासून म्या सांगतलं, उजाडलं का पडदा पाडा. मानूस हासत घरी गेला पायजे."
"अन् आम्ही जे खोटं घेऊन गेलो ते?"
"खोटं कायचं? चार अंक खरेच हायेत. पाचवा ज्याच्या त्याच्या घरी रायते. तो म्या कायले दाखवू?"
वर विचारतो, "चहा घेता का?"
म्हाताऱ्याचा असा राग आला की चहा न घेताच उठलो. साकोलीपर्यंत त्याला शिव्या देत होतो. पुढे शिव्या माझ्याकडेच वळल्या. तो गावाला हसवत होता. मी काय करत होतो?

९ डिसें., बुध.
पिठाच्या डब्याखालचं पत्र काढून पुन्हा वाचलं. कोणाकोणाकडे येणं-जाणं होतं ते विचारीन. हेच तर तो नाथ रविवारी रंगमंचावर विचारत होता! त्या दिवशी मी वर टिप्पणी लिहिली, विचारेना का बापडा. मागचं पान उलटून पाहिलं, माझंच अक्षर आहे.
सौ.ला ओळ दाखवली. म्हणाली, "मले तं तवाच खटकली होती. पन तुमचं तोंड असं फुललं होतं, म्हटलं आता याइले काय सांगू."
म्हणजे घरात मला एकट्यालाच दिसत नव्हतं. घरचा कारभारी!
भीती वाटते. साधी भीती. पोरीला नेल्यावर तो दार लावेल, तेव्हा ती कोणत्या बाजूला असेल?

१० डिसें., गुरु.
पद तोंडात येतं, पण पाचव्या अंकातली ओळच येते. गात नाही आता.
वही काढली. परत ठेवली.

१२ डिसें., शनि.
दिलं.
सकाळपासून शाळेचं पत्र खिशात घेऊन फिरत होतो. दुपारी घरी गेलो तर ती दारात उभी होती, नेहमीसारखी. तिथंच हातात दिलं. तिनं आधी पाकिटावरचा शिक्का पाहिला, मग मला.
"हे कवा आलं?"
"एकोणीस तारखेले."
"मागच्या महिन्यात?"
"हो."
"कुठी होतं?"
"माझ्या वहीत."
ओरडली असती तर बरं झालं असतं. वाचलं. घडी केली. चौकटीला टेकली.
"मी रोज इथी उभी राहत होती, बाबा. पोस्टमनसाठी. तुम्हाले वाटलं, त्याची वाट पाहून राहिली."
म्हटलं, चुकलं माझं, पोरी. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं असेन. ती आत गेली, मी उन्हात उभाच राहिलो. जेवण तसंच झाकून ठेवलं सौ.नं.

१३ डिसें., रवि.
हेमा दिवसभर नेहमीसारखी. धुणं, तांदूळ, आईची वेणी. संध्याकाळी पितळी समई घासून लखलखीत केली. सांगणारा मी कोण आता? तीन वर्षं सांगितलंच की.
तरी एकदा म्हटलं, "जावई आले तं मी बोलतो त्याइच्याशी."
"माझं मी बोलीन," म्हणाली.
रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर कळलं असतं.

१४ डिसें., सोम. दुकानातून
सौ.नं पहाटेच सांजा केला. कोणासाठी, तिनंही सांगितलं नाही.
हेमा हिरवं पातळ नेसली. हेच नेसून ती तीन वर्षांपूर्वी इथं उतरली होती, की हे दुसरं, मला कळलं नाही. पर्समध्ये दोन्ही पत्रं घेतली, शाळेचं नि जावयाचं. उंबऱ्याशी वाकून पाया पडली. आईच्या, मग माझ्या. मुलाखतीला जाताना पाया पडतात, नि सासरी जातानाही.
"मी स्टँडपर्यंत येऊ का?"
"नको. तुम्ही दुकान उघडा."
नऊला निघाली. जवाहरनगरची गाडी साडेनऊची, नागपूरची दहाला येते. स्टँड एकच. मागे वळून पाहिलं नाही. वळणावर दिसेनाशी झाली तशी सौ. म्हणाली, "डबा नेला नाही तिनं." मग तीही आत गेली.
ना. येऊन गेला. "कोणती गाडी पकडली बे पोरीनं?" म्हटलं, माहीत नाही. त्याला खरं वाटलं नाही.
सव्वादहा. घासायचे गुंड तसेच पडले आहेत. दोन गिऱ्हाईकं परत गेली.
साडेदहा. इथून स्टँडचा रस्ता दिसतो. मी दुकानाच्या दारात उभा आहे.