उजव्या चाकावरचा तांब्या

सिंधू,

घरात बोलायची सोय नाही, मायचा कान सारखा आपल्याकडेच असतो, म्हणून लिहितोय. तिला वाचता येत नाही तेवढं बरं.

मी मोलगीला माल आणायला चाललोय. सांजच्याला घाट उतरलो की शेवटच्या वळणावर हॉर्न देईन. तो ऐकलास की मायला आत गुंतवून ठेव. तिच्या डोक्याला तेल लाव, नाहीतर मी तुला बोललो म्हणून रडत बस. पण तांब्या घेऊन तिला गाडीकडे येऊ देऊ नकोस.

यंदा उजव्या चाकाच्या ब्रेकचा ड्रम तिसऱ्यांदा वाकडा झाला. मी घाटालाच शिव्या देत होतो. काल लेथवाला म्हणाला, "घाट उतरून तापलेल्या ड्रमावर गार पाणी कोण ओततं? त्यानंच वाकतो हा." "मन्हा पोऱ्या घर उना," म्हणत, पोरगा सुखरूप घरी आला या आनंदात दर खेपेला त्या चाकावर पाणी कोण घालतं, ते तुला ठाऊक आहे.

माझा थोरला भाऊ चुनीभाऊ गाडीसकट दरीत गेला, त्याच्या आदल्या दिवशी मला म्हणाला होता, "ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते रे." त्याच्याही चाकावर माय असंच पाणी घालायची.

गाडी सोडली तर खायचं काय? आणि हे तिला सांगायचं कुठल्या तोंडानं?

चिठ्ठी चुलीत घाल. आणि मायनं "का अडवतेस?" असं विचारलं, अन् तुला खोटं सुचलं नाही, तर सोड तिला. ओतू दे पाणी.

बन्सी