आपल्या गावचा परीक्षक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. जानेवारी संकल्प करण्यात गेला.
बातमी: टीव्हीवरची स्वयंपाकाची स्पर्धा यंदा आपल्या गावात होणार. प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शूटिंग, सहा भाग. तीन परीक्षक कायमचे आणि दर भागाला एक पाहुणा परीक्षक. पेपरात पाहुण्यांची यादी आली आहे. एक नटी, एक खेळाडू, एक निवेदक, एक गायक, एक हॉटेलमालक आणि एक नुसताच प्रसिद्ध. सहाच्या सहा बाहेरचे. म्हणजे हॉल आपला, पाणी आपले, वीज आपली, टाळ्या आपल्या, आणि जीभ तेवढी बाहेरची.
हे योग्य नाही. प्रार्थना झाल्यावर शांत मनाने पुन्हा विचार केला. तरीही योग्य नाही.

त्याच दिवशी, दुपारी
स्वतःसाठी काही नको. फक्त नोंद करून ठेवतो. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मी बावीस वर्षे स्टोअरकीपर आहे. रोज दोन वेळा, चार पातेली, प्रत्येकातला एक चमचा चाखायचा आणि रजिस्टरमध्ये ‘चव घेतली, ठीक’ असे लिहून सही करायची. हिशेब केला. साठ हजारांच्या वर चमचे होतात. गावात एवढे कोणी चाखलेले नाहीत. या काळात जेवणाने एकही रुग्ण दगावला नाही. इतर कारणांनी दगावले, पण तो माझा विभाग नाही.

५ फेब्रुवारी
चॅनेलला पत्र लिहिले. पाच पाने. विषय: पाहुण्या परीक्षकांत स्थानिक प्रतिनिधित्व. माझे नाव शेवटी, बारीक अक्षरात. अनुभवाची पुरवणी वेगळी, दीड पान.
ही म्हणाली, म्हणजे तुम्हाला जायचंय तिथं. मी म्हणालो, प्रश्न माझा नाही, तत्त्वाचा आहे. ही म्हणाली, मग तत्त्वाला इस्त्रीचा शर्ट कशाला लागतो?
शर्ट मी सहज काढून बघत होतो.

६ फेब्रुवारी
सराव सुरू. घरच्या जेवणाला गुण देणे. पहिला घास, डोळे मिटणे, ‘हं’ म्हणणे, थोडे थांबणे. भाजीला दहापैकी सात. कारण सांगितले: मीठ भडक. (हॉस्पिटलबाहेर मला सगळीकडेच मीठ भडक लागते. जीभ घडली की असे होते.)
ही काही बोलली नाही. टीका खिलाडूपणे घेतली.

७ फेब्रुवारी
आज ताट वाढलेले नव्हते. पातेली झाकून ठेवली होती आणि ही शेजारी गेली होती. मुलगी कॉलेजातून आली. म्हणाली, बाबा, तुम्ही आईला सात दिलेत, पण आईने तुम्हाला किती दिलेत ते विचारा एकदा.
विचारले नाही. परीक्षकाने अपिलात पडू नये.

११ फेब्रुवारी
एकट्याचा आवाज पोचत नाही. समिती काढली. अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर. सभासद बेकरीवाला, मी आणि संख्या भरावी म्हणून माझा मेव्हणा. मेव्हण्याचे टायरचे दुकान आहे. खाण्याची आवड दांडगी, पण अभ्यास शून्य. काहीही वाढा, ‘एक नंबर’ म्हणतो आणि वाटी पुढे करतो.
समितीचे नाव ठरवण्यात दीड तास गेला. ठरले नाही. बेकरीवाल्याने बिस्किटे आणली होती. मी आठ गुण दिले. उरलेली बिस्किटे तो परत घेऊन गेला.

१५ फेब्रुवारी
उत्तर नाही. संयम.

१७ फेब्रुवारी
उत्तर नाही. देवाकडे काही मागितले नाही. फक्त शूटिंगच्या तारखा सांगून ठेवल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार
फोन! चॅनेलमधली मुलगी. गायकाला जमत नाही, चौथ्या भागाची जागा रिकामी आहे. स्थानिक माणूस चालेल. समितीने एकमताने एक नाव रविवारपर्यंत कळवावे. अट: साधा, बोलका माणूस.
साधा मी आहेच. बोलका रविवारपर्यंत होईन.

२१ फेब्रुवारी
गावच्या शाळेत गुरुजी सांगत, कोणी काही देऊ केले की दोनदा ‘नको’ म्हणावे आणि तिसऱ्यांदा घ्यावे. एकदाच नको म्हटले तर हावरेपणा दिसतो. तीनदा म्हटले तर वस्तू जाते. आयुष्यभर पाळत आलो. सासरी पहिल्यांदा गेलो तेव्हाही चहाला दोनदा नको म्हणालो होतो. तिसऱ्यांदा कोणी विचारले नाही, पण ते घाईत होते.
रविवारची तयारी: पहिला नकार चार वाक्यांचा. दुसरा दोन. स्वीकाराचे भाषण अकरा वाक्यांचे, त्यात नम्रता तीन ठिकाणी. पाठ झाले.

२३ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी
सभा झाली. जसे झाले तसे लिहितो.
हेडमास्तर म्हणाले, पत्र यांनी लिहिलं, समिती यांनी काढली, तेव्हा पहिलं नाव यांचंच. मी उभा राहिलो. म्हणालो, माझी तेवढी योग्यता नाही (आणि पुढची तीन वाक्ये). हेडमास्तर म्हणाले, असं कसं, असं कसं. इथपर्यंत सगळे ठरल्याप्रमाणे. मी म्हणालो, खरंच नको, योग्य माणसाला संधी मिळू द्या. आणि खाली बसलो. नजर जमिनीकडे.
जमिनीकडे बराच वेळ बघितले.
मग बेकरीवाला म्हणाला, बरं झालं तुम्हीच बोललात. आम्हाला कसं सांगावं ते कळत नव्हतं.
हेडमास्तर म्हणाले, मोठं मन लागतं याला. मग आता तुम्हीच सुचवा दुसरं नाव.
त्यांना जरा विचार करायला वेळ मिळावा म्हणून मी मेव्हण्याचे नाव घेतले. तो माझ्या शेजारीच बसला होता. तोही दोनदा नको म्हणेल, तेवढ्यात सभा भानावर येईल, असा अंदाज होता. तो म्हणाला, चालेल की. किती वाजता यायचं?
एकमताने मंजूर. एकूण चार मिनिटे. भाषण खिशातच आहे.

२४ फेब्रुवारी
रात्रभर नीट झोपलो. माणूस महत्त्वाचा नाही, तत्त्व महत्त्वाचे. तत्त्व जिंकले आहे. मन अत्यंत प्रसन्न. जेवलो नाही.

२७ फेब्रुवारी
चॅनेलच्या मुलीचा फोन. ऐनवेळी कोणी आजारी पडले तर एक राखीव माणूस लागतो. कोण आहे का, असे ती विचारत होती. ‘कोण’ म्हणेपर्यंत मी हो म्हणालो. माणसाने शिकत राहावे.

१ मार्च
मेव्हण्याकडे गेलो. प्रकृतीची चौकशी केली. उत्तम आहे.

३ मार्च
पुन्हा गेलो. टायरची धूळ छातीला वाईट असते हे समजावून सांगितले. तो म्हणाला, वीस वर्षं खातोय भाऊजी, मानवते मला.

४ मार्च
ही म्हणाली, माझ्या भावाच्या तब्येतीची एवढी काळजी लग्नानंतर पहिल्यांदाच बघतेय. मी म्हणालो, घरचा माणूस आहे. ही म्हणाली, घरचा आहे म्हणूनच विचारते, काय चाललंय तुमचं?
सकाळी प्रार्थनेत त्याचे नाव घेतो. त्याला काही व्हावे असे चुकूनही म्हणत नाही. तुझी इच्छा असेल तसे होऊ दे, एवढेच म्हणतो.

६ मार्च
मेव्हणा शिंकला. दोनदा.

७ मार्च
धुळीने शिंकला होता. ठणठणीत आहे. देवाची इच्छा स्पष्ट झाली. शर्ट पुन्हा कपाटात.

९ मार्च, रविवार
शूटिंग. आम्ही प्रेक्षकांत, तिसरी रांग. एक मुलगा पाटी दाखवतो, तेव्हा टाळ्या वाजवायच्या. परीक्षकांच्या टेबलापाशी मेव्हणा. स्वतःच्या लग्नातला कोट, आता बटण लागत नाही.
मी त्याला शब्द लिहून दिले होते: पोत, समतोल, सादरीकरण. एकही वापरला नाही. एका मोठ्या ताटात मधोमध चमचाभर काहीतरी आले, त्यावर तीन पाने उभी केलेली. त्याने खाल्ले आणि म्हणाला, छान आहे, पण घरी जाऊन पुन्हा जेवावं लागेल. हॉलमध्ये हशा. पाटी न दाखवता.
पुढे एका बाईचा पदार्थ करपला आणि ती रडायला लागली. कायमचे परीक्षक धुराच्या स्वादाबद्दल बोलू लागले. हा उठून तिच्यापाशी गेला. म्हणाला, ताई, रडू नका. माझी बहीण सुरुवातीला पाणीसुद्धा करपवायची. आज तिच्या हातचं मिळतं म्हणून मी आठवड्यातून तीनदा दुकान लवकर बंद करतो.
ही शेजारी बसून पदराने डोळे पुसत होती. मला म्हणाली, ऐका. गुण असे देतात.
प्रकाशयोजना सामान्य होती.

११ मार्च
कळले की चॅनेलवाले मेव्हण्यावर बेहद्द खूश आहेत. शेवटच्या भागालाही त्याला बोलावले आहे, त्या नुसत्याच प्रसिद्ध माणसाच्या जागी. म्हणजे स्थानिक प्रतिनिधित्व दुप्पट झाले. कोणामुळे, हे गावाला ठाऊक आहे. निदान हेडमास्तरांना ठाऊक आहे. त्यांना आठवण करून दिली.

१९ मार्च, बुधवार. दुपारी २
हॉस्पिटलमध्ये तांदूळ मोजत असताना फोन. चॅनेलमधली तीच मुलगी. म्हणाली, शेवटच्या भागात पाहुण्या परीक्षकांच्या घरातलं एक माणूस हवंय, त्यांनी तुमचंच नाव सुचवलं, तुम्ही तयार... मी म्हणालो, हो. ती म्हणाली, आधी पूर्ण ऐकून... मी म्हणालो, हो, हो.
मेव्हण्याबद्दल मी कधी कधी कोते विचार केले. क्षमा मागितली. (देवाकडे. त्याला कशाला सांगायचे?)

१९ मार्च, ५ वाजता
चॅनेलच्या मुलीचा मेसेज: गडद कपडे घाला, एप्रन आम्ही देऊ. परीक्षकाला एप्रन कशाला? स्वच्छतेसाठी असेल. मोठ्या ठिकाणी नियम कडक असतात.

२० मार्च
सविस्तर मेसेज आला. ‘गमतीचा विभाग: परीक्षकाच्या घरातला, स्वयंपाक अजिबात न येणारा सदस्य वीस मिनिटांत एक पदार्थ करेल. पाहुणे परीक्षक गुण देतील.’
दोनदा वाचला. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.
मेव्हण्याला विचारले. तो म्हणाला, भाऊजी, तुम्हाला टीव्हीवर यायचंच होतं ना? माझ्या हातात तेवढंच होतं. मनापासून म्हणाला. रागावताही आले नाही.

२१ मार्च
खोलवर विचार केला. परीक्षक काय करतो? नुसता खातो. निर्माण कोण करतो? शिवाय ‘अजिबात न येणारा’ हे चॅनेलचे गृहीतक आहे. परवानगी मागून लोकांना चकित करता येत नाही. चकित करणार.
पदार्थ: बटाट्याचे सूप. बावीस वर्षे डोळ्यांसमोर होताना पाहतो आहे.

२३ मार्च
प्रमाण काढले. रजिस्टरमधले आकडे दोनशे चाळीस माणसांचे असतात. चाराने गुणून दोनशे चाळीसने भागले. बटाट्याचा भाग ठीक निघाला. मिठासाठी मीठ कमी केलेल्या वॉर्डाचा आकडा घेतला, कारण माझी जीभ त्यालाच ‘ठीक’ म्हणते. तो इतका लहान निघाला की काट्यावर दिसेना. मिठाच्या डबीवरून हात फिरवला तरी पुरेल असे वाटते.

२६ मार्च
ही म्हणाली, एकदा माझ्यासमोर करून बघा. मी म्हणालो, साठ हजार चमचे चाखलेत. ही म्हणाली, चाखलेत हो. ढवळलाय एक तरी?
उद्या बघू.

२८ मार्च
आज स्टॉक मोजणी होती. उद्या.

२९ मार्च
उद्याच शूटिंग. सरावाने उत्स्फूर्तता जाते.

३० मार्च, रविवार
झाले.
गॅस पेटवण्यात तीन मिनिटे गेली. आमच्याकडे तो कायम पेटलेलाच असतो. बटाटे सोलायला सात. हॉस्पिटलमध्ये यंत्र आहे. एक बटाटा सोलून सोलून सुपारीएवढा झाला तेव्हा प्रेक्षकांतून मुलीचा आवाज आला, बाबा, थांबा! निवेदकाने ते माइकवर पुन्हा सांगितले. शिजवायला दहा मिनिटे उरली. शेवटी चाखून पाहिले. ठीक होते. खरोखर ठीक होते.
चार वाट्या गेल्या. तिन्ही कायमच्या परीक्षकांनी एकेक चमचा घेतला आणि एकमेकांकडे पाहिले. मी ते समाधान समजलो. मेव्हण्याने एक चमचा घेतला. दुसरा घेतला. तिसरा घेतला. माझ्या आशा वाढल्या. मग त्याने चमचा खाली ठेवला आणि अगदी आपुलकीने विचारले, भाऊजी, हे कुठल्या वॉर्डचं?
हॉल इतका हसला की शूटिंग थांबवावे लागले. पाटीवाला मुलगा पाटीवर डोके ठेवून हसत होता. ही सगळ्यांत जास्त हसत होती. खुर्चीचा हात धरून, तोंड न झाकता. तिला असे हसताना शेवटचे कधी पाहिले, आठवले नाही.
गुण: साडेतीन. मेव्हण्याने खुलासा केला की तीन मेहनतीचे आणि अर्धा बहिणीकडं बघून.
मात्र एक गोष्ट नमूद करण्यासारखी. निघताना चॅनेलच्या मुलीने मला एप्रन घरी न्यायला सांगितला. चॅनेलचे नाव भरतकामात. इतर कोणालाही दिला नाही, मी मुद्दाम बघितले. कामाची कदर कुठेतरी होतेच. चौकट करून पुढच्या खोलीत लावावा असा विचार आहे.

३१ मार्च, सोमवार. सकाळी ७
एप्रनच्या खिशात चिठ्ठी निघाली. ‘सुपाचे डाग. धुऊन गुरुवारपर्यंत परत पाठवणे.’
हिला दाखवली. हिने साबणाची वडी आणि बादली पुढे ठेवली. दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा विचारले नाही, नळ सोडला.