समीक्षाचं करिअर आणि माझं बुजगावणं

१७ नोव्हेंबर

माफ कर गं वही. गणपतीनंतर आज तुला हात लावतोय. भाताची कापणी, झोडणी, माझे गुडघे — कारणं जुनीच. नवीन कारण एकच. घरात करिअर आलंय.

नात समीक्षा कामशेतहून लोकल धरून लोणावळ्याच्या कॉलेजात जाते. तिथं यंदा नवा विषय — करिअर नियोजन आणि शोध. शोध! म्हणजे ते आधी हरवलेलं असतं म्हणायचं. तिचा बाप, माझा निलेश, तळेगावला कंपनीत चिकटला तो मेहुण्याच्या ओळखीने. घ्या, झालं नियोजन. त्याला मार्क कोणी दिले नाहीत.

१९ नोव्हेंबर

सरांनी घरी चाचणी घ्यायला सांगितलेली. गिऱ्हाईक कोण? मी.

"आबा, पाच वर्षांनी तुमी स्वतःला कुटं बघता?"

"भिंतीवर. हार घालून."

"आबा! नीट सांगा की!"

नीट सांगितलं. विहिरीजवळ जाताना भीती वाटते का? वाटते. गॅस बंद केला का ते पुन्हा बघता का? बघतो, आणि उठून आणखी एकदा बघतो. शेवटी निकाल आला — मी विमा कंपनीत जायला हवं होतं! जन्म गेला चिखलात भात लावण्यात, आणि सत्त्याहत्तराव्या वर्षी कळलं. सातवीतून शाळा सोडली तेव्हा हा विषय असता तर आज लोणावळ्यात तुंगार्लीला बंगला असता.

२४ नोव्हेंबर

आता पुढची तऱ्हा. ज्याला जे व्हायचंय, त्याने ते काम करणाऱ्या माणसासोबत राहून बघायचं. वर्गातल्या पोरी शहाण्या — कोणी बँक धरली, कोणी दवाखाना, एकीने चिक्कीचं दुकान. आमच्या समीक्षाने काय धरावं? डोंगरावरून उड्या मारणारे छत्रीवाले!

"छत्री न्हाई आबा, ग्लायडर. आन् उडी न्हाई मारत, पळत पळत उचललं जातं."

उचललं जातं. आमच्यात उचलतात ते वेगळं. चौघं लागतात.

नुसतं बघणार आहे म्हणते. बघू.

२ डिसेंबर

नुसतं बघणं संपलं. तिथं सारिका म्हणून बाई शिकवते. ती हिला टेकाडावरून लहान लहान उड्डाणं शिकवणार, त्या बदल्यात ही फोन घेणार, ग्लायडर घड्या घालून ठेवणार. पुढं यातच करिअर करायचं म्हणे.

निलेश म्हणाला, "आबा व्हय म्हणत्याल तर पुढं शीक. तवर लहान टेकाडावर काय ते."

वा रे बाप! घोंगडं माझ्या गळ्यात टाकलं आणि दुसऱ्या पाळीला निघून गेला.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. चहा मागितला.

५ डिसेंबर

वारा फार. ती गेली. आली. पोटभर जेवली. मला घास गेला नाही.

८ डिसेंबर

आज स्वतः बघायला गेलो. टेकाड आमच्या रानाच्या डोक्यावरच. पोरी वरून धावत सुटतात आणि कापणी झालेल्या खाचरात उतरतात. रान आमचं, पाय त्यांचे.

सारिकाबाई पाया पडली. म्हणाली, "आबा, तुमच्या बुजगावण्याचे लय उपकार. वरून आधी ते फडकं बघायचं, वारा कुठून येतोय ते कळतं. वाऱ्याकडं तोंड करून उतरलं की अलगद उतरतो. माझ्या प्रत्येक पोरीला पहिलं तेच दाखवते."

ते फडकं म्हणजे माझ्या झुंबरबाईचं हिरवं लुगडं. ती गेली, त्यानंतर पाखरांसाठी बांबूला बांधलं. जिवंत होती तोवर मला हाकायची, आता पाखरं हाकते. आणि वर हे! माझीच बायको माझ्या नातीला खुणा करतेय — ये बाई, मार उडी!

तडक घरी आलो.

९ डिसेंबर

बुजगावणं काढलं. भात घरात आलाय. आता पाखरं काय खाणार, ढेकळं? पीक निघालं की बुजगावणं काढायचंच असतं, माझा बाप काढायचा. दुसरं कारण नाही.

फडकं नसेल तर त्या बाई इथं शिकवणारच नाहीत, असं मनात आलं असेल. नसेलही.

१० डिसेंबर

शिकवलं.

चारच्या सुमाराला शेजारच्या रानातला कोंडाजी धोतर सावरत आला. "आबा! आवो तुमची नात माज्या गंजीत घुसली! निस्ते पाय भाईर! माजा बैल दावं तोडून पळाला की वो!"

मी कसा पोचलो, आठवत नाही. गुडघे बहुतेक घरीच राहिले होते.

पेंढ्याने ती वाचली. बांधावर आदळती तर — लिहीत नाही. घोटा टरारून सुजलाय. केसांत पेंढा, आणि हसतेय!

"वारा मागनं व्हता आबा. येग आवरला न्हाई. फडकं दिसलं न्हाई मला."

सारिकाबाई रडवेली. "चूक माझी. खाली बघून मगच सोडायला पायजे होतं." कोंडाजी तिलाच बोलला. मी गंजीतून पेंढा उपसत राहिलो.

समीक्षाने फडकं कुठं गेलं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

११ डिसेंबर

आंबेहळद उगाळून लावली. ओरडली. मी म्हटलं, "आता बँकेचं बघ." म्हणाली, "बँकेत गंजी नसती आबा."



१४ डिसेंबर

विमा कंपनीत जायला हवं होतं म्हणे मी! अपघात घडवणाऱ्याला ठेवतात का तिथं?

आज बुजगावणं परत उभं केलं. नवा बांबू, जुन्यापेक्षा उंच. खड्डा मीच खणला. कोंडाजी बांधावरून बघत होता.

"काय आबा, पीक न्हाई, पाणी न्हाई, बुजगावणं कुनासाटी?"

"तुझ्या बैलासाठी."

रात्रीच्या जेवणाला समीक्षाला म्हटलं, "घोटा बरा झाला की जा. व्हय म्हणतोय मी. पुन्हा विचारू नको, नाहीतर नाही म्हणेन."

भाकरी अर्धी टाकून लंगडत बापाला फोन करायला पळाली. अन्नाची किंमत नाही या पिढीला.

२६ मार्च

कॉलेजात पालकांना बोलावलं होतं. तिने भाषण केलं, पडद्यावर चित्रं दाखवली. एकात आमचं खाचर, वरून. माझं घर काडेपेटीएवढं. बांबूवर हिरवा ठिपका.

सर मला म्हणाले, "आजोबा, नातीच्या करिअरमध्ये तुमचं योगदान काय?"

म्हटलं, "बांबू रोवला."

सगळे हसले. ती नाही हसली. माझ्याकडं बघत होती.

६ मे

परीक्षा संपली. सारिकाबाईंच्या ओळखीने हिमाचलात पुढचं शिक्षण. इथली टेकाडं पुरेनात, आता हिमालय! मी तिला ताप, थंडी, दरी, परकं पाणी, सगळं समजावलं. सगळं ऐकून तिने विचारलं, "आबा, गॅस बंद केला का?"

उठून बघावं लागलं.

९ मे

सकाळी गेली. बांबूवर फडकं नाही. जाताना सोडून पिशवीत घातलं तिने. म्हटलं, "ते कशाला?" पायात बूट घालता घालता, वर न बघता म्हणाली, "आजीला मी नेते आबा. हितं ऱ्हायली तर तुमी परत काढून ठिवाल."

म्हणजे तेव्हापासून ठाऊक होतं.

समीक्षा, पोचलीस की लगेच कळव. आणि वारा कुठून आहे, तेही.